बावखलात पन्नास हजार कोटी

देशात संशोधनासाठी 50 हजार कोटी रुपये येणार आहेत. त्यातले वसईजवळच्या गासच्या वाट्याला किती, हे शोधायला आमचे सर निघाले, त्याची ही हकिगत. सर भूगोल शिकवतात. कुठल्या कॉलेजात ते विचारू नका. तिथे त्यांना पगार तासावर मिळतो आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची असते.

सरांचा विषय साधा होता. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडीवाडीत बावखलं आहेत. म्हणजे होती, आणि काही अजून आहेत. पावसाचं पाणी या तळ्यांत साठायचं, रहाटानं वाडीला मिळायचं, जमिनीत मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवायचं. खाडी इथून लांब नाही. गोड पाण्याचा दाब कमी झाला की खारं पाणी विचारायला येत नाही, सरळ आत शिरतं. मग टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या, बिल्डरांनी बावखलं बुजवली आणि त्यावर उभ्या राहिलेल्या इमारतींना लेकव्ह्यू अशी नावं दिली. सरांना मोजायचं होतं की गासमध्ये किती बावखलं उरली आणि कुठल्या विहिरीचं पाणी किती खारं झालं. लागणार काय, तर क्षार मोजायचं एक छोटं यंत्र, एक लांब टेप, दोन विद्यार्थी आणि स्कूटरचं पेट्रोल.

एका वाडीवाल्या काकांनी तर यंत्राचीही गरज ठेवली नाही. "मास्तर, पाणी खारं झालंय हे मी फुकट सांगतो."

"काका, तुम्ही सांगितलंत तर ती तक्रार होते. मी सांगितलं तर निष्कर्ष."

"मग निष्कर्ष निघाला की पाणी गोड होतं का?"

सरांनी केळीच्या भावाचा विषय काढला.

खर्चाचा अंदाज वीस हजारांच्या आत बसला आणि सर खुशीत कॉलेजात गेले. तिथले ज्येष्ठ प्राध्यापक दचकलेच. वीस हजारांत संशोधन होतं असं बाहेर कळलं तर बाकीच्यांनी काय करायचं? त्यांनी सरांना समोर बसवून जुने दिवस सांगितले. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु प्रकल्प असायचे. विज्ञानाला 5 लाखांपर्यंत, मानव्यशास्त्रांना 3 लाखांपर्यंत. प्रस्ताव पुण्याच्या विभागीय कार्यालयात जायचे, आणि दोन वर्षांनी एक जाड अहवाल नि एक प्रिंटर कॉलेजात उरायचा. आता तुमचं बावखल घ्या. त्यातलं पाणी विज्ञानाचं, पण आपल्याकडे भूगोल कला शाखेत, म्हणजे त्याच पाण्याला 2 लाख कमी! सरांनी विचारलं, ती योजना आहे का अजून? ज्येष्ठ म्हणाले, आटली. विद्यापीठाचं लघु अनुदान मिळतं अधूनमधून, पण ते हजारांत. तुम्ही दिल्लीकडेच बघा.

सरांनी दिल्लीकडे बघितलं. 2023 साली संसदेनं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत 50 हजार कोटी. सरांनी पुढचं वाक्य वाचलं नसतं तर त्यांची आठवडाभर तरी झोप छान झाली असती. या रकमेतले 36 हजार कोटी सरकारचे नाहीत. ते उद्योग, सार्वजनिक कंपन्या, दानशूर वगैरे मंडळींकडून यायचे आहेत. आमच्याकडे जत्रेच्या फलकावर आधी बँडबाजाचा खर्च लिहितात आणि मग वर्गणीला निघतात, त्यातलाच हा प्रकार. संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च करणाऱ्या देशात उद्योगपती प्रयोगशाळेची वर्गणी द्यायला पाकीट काढून रांगेत उभे असतील, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या कल्पनाशक्तीला वेगळं अनुदान द्यायला हवं.

हा कायदा लागू झाला 5 फेब्रुवारी 2024 ला. तारीख वाचून गासची माणसं चमकतील. आमच्या चर्चचे संत गोन्सालो गार्सिया, जन्म वसईचा, नागासाकीत क्रुसावर गेले ते 1597 च्या 5 फेब्रुवारीला. पुढे त्यांची फाइल रोममध्ये चालली. 1627 साली पहिल्या टप्प्याची मंजुरी, 1862 साली अंतिम, एकूण 265 वर्षं. तेव्हा प्रस्तावाचं काय झालं हे विचारायला गासचा माणूस सहा महिन्यांनी फोन करणार नाही. त्याला प्रक्रियेचा अनुभव आहे.

पण सरांची फाइल निघण्याआधीच अडली. बहुतेक योजनांना प्रमुख अन्वेषक नियमित सेवेतला लागतो. ज्यांना बावखल माहीत आहे ते सर तासिका तत्त्वावर, आणि जे नियमित सेवेत आहेत त्यांना बावखल म्हणजे मालवणी पदार्थ वाटतो. तोडगा निघाला. ज्येष्ठ प्राध्यापक प्रमुख अन्वेषक झाले. सर झाले क्षेत्र सहायक, स्वतःच्याच प्रस्तावात. मग कळलं, प्रकल्प संपण्याआधी ज्येष्ठच निवृत्त होतात. तिसरे एक सापडले, इंग्रजीचे. पात्रतेचे सगळे रकाने भरणारा माणूस महाराष्ट्रातल्या कॉलेजांत आता बावखलापेक्षा दुर्मीळ झालाय. जागा रिकाम्या ठेवायच्या, तासाच्या मास्तरांवर वर्ग चालवायचे आणि मग महाविद्यालयांतून संशोधन का होत नाही यावर राष्ट्रीय चर्चासत्र घ्यायचं. चर्चासत्राला मात्र अनुदान मिळतं.

प्राचार्यांचा मात्र भक्कम पाठिंबा. "सर, मंजूर होवो न होवो, पाठवल्याची पोच जपून ठेवा. नॅकच्या मूल्यांकनाला लागते."

नव्या प्रतिष्ठानाची एक योजना मोठी संस्था नाभी आणि भोवतालच्या संस्था आरे, अशी आहे. मोठ्यांनी लहानांचा हात धरायचा. सरांनी चौकशी केली. पहिल्या फेरीत आरे म्हणून राज्याची विद्यापीठं आणि एनआयटी यांच्या रांगेतल्या संस्था. संलग्न कॉलेज म्हणजे आरासुद्धा नाही. चाकाखालचा रस्ता म्हणून अर्ज करता येतो का, ते पोर्टलवर दिलेलं नव्हतं.

मग शीर्षक. "गासमधील बावखले व विहिरींची क्षारता" हे ऐकून इंग्रजीवाले हसले. शीर्षकांचे हंगाम असतात म्हणाले. एके काळी सगळ्यावर जागतिकीकरणाचा परिणाम तपासला जायचा, मग सगळं शाश्वत झालं, मग डिजिटल, मग कोविडोत्तर. आता भारतीय ज्ञान परंपरा, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि 2047. तिन्ही घातले तर बरं. म्हणून प्रस्तावाचं नाव झालं, "विकसित भारत 2047 च्या संदर्भात पारंपरिक जलज्ञानाचा कृत्रिम बुद्धिमत्ताधारित अभ्यास." गास गेलं, विहीर गेली. बावखल कंसात होतं, शब्दमर्यादेत तेही गेलं. खर्च मात्र वीस हजारांवरून 14 लाखांवर आला, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेला संगणक लागतो आणि संगणकाला वातानुकूलन.

अशा वेळी मला राहून राहून पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजी आठवतात. हा माणूस कॉलेजची पायरी चढला नव्हता. एप्रिल 1882 मध्ये त्यानं आमच्या शेजारच्या सोपाऱ्यात बुरूड राजाचा कोट नावाचं टेकाड खणलं. दगडी पेटी निघाली. पेटीत ब्राँझच्या आठ मूर्ती, मधे तांब्याचा करंडक, त्याच्या पोटात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, सगळ्यात आत सोन्याचा, आणि सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले. शिवाय सोन्याची फुलं. त्याच सुमारास अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यात मिळाला. पुढे लायडन विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. आज ते अर्ज करते तर पहिल्याच पानावर पीएच.डी.चं वर्ष विचारून पोर्टलनं त्यांना बाहेर काढलं असतं. आत गेलेच असते तर अपेक्षित फलिताच्या रकान्यात "मडक्याचे तुकडे" लिहून बघा. सोन्याची फुलं ही तर शुद्ध लेखापरीक्षणाची आपत्ती. मूळ प्रस्तावात नसलेली वस्तू सापडलीच कशी, तीन कोटेशनं कुठायत, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून का घेतली नाही?

हे अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी 2024 चा ऑगस्ट आठवावा. दिल्लीच्या आयआयटीला संशोधन अनुदानांवरच्या जीएसटीपोटी 120 कोटींची नोटीस गेली होती. सरकारनं एका हातानं दिलेल्या पैशावर दुसऱ्या हातानं कर मागितला, आणि दोन्ही हात एकमेकांना ओळखत नव्हते. सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेनं अनुदानांना सूट दिली, तेव्हा कुठे संशोधकांनी श्वास घेतला. त्यावर अजून तरी कर नाही.

प्रस्ताव गेला. पोच नॅकच्या फाइलीत लागली. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. परीक्षकांना विषय स्तुत्य वाटला होता, पण अभ्यासक्षेत्र नेमकं कुठलं हे शीर्षकावरून कळत नव्हतं आणि प्रत्यक्ष जलस्रोताचा फोटो जोडलेला नव्हता. त्रुटी दूर करून पुन्हा पाठवा.

सर त्याच दिवशी मोबाइल घेऊन वाडीत गेले. बावखलाच्या जागी लाल मातीचा भराव, पत्र्याचं कुंपण आणि टू-बीएचकेचा बोर्ड. काका कुंपणाशी उभे होते, त्यांनी बोर्डाचा फोटो घ्यायला जागा करून दिली.

सर खचले नाहीत. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी विचारलं, इतिहासाचं कोण आहे नियमित सेवेत? बावखल भूगोलातून गेलंच आहे, तर आता प्रस्ताव भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेकडे पाठवता येईल.