ग्रेपकाका

ग्रेपकाकांनी यूजनेटवरचा एकही लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला नाही, असं काकू सांगतात. काका ते नाकारत नाहीत. “वाचायचं काय त्यात? काय हवंय ते शोधायचं!” हे त्यांचं उत्तर नव्वदच्या दशकात होतं, आजही आहे. फायलींत नमुना शोधणारा ‘ग्रेप’ हा हुकूम, त्यावरूनच त्यांचं हे नाव.

यूजनेट म्हणजे विषयवार चर्चेचे हजारो गट. चित्रं नाहीत, माउस नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. लॅरी वॉल या गृहस्थाने १९८४ साली हे गट वाचायला ‘आरएन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. (पुढे ‘पर्ल’ भाषा काढली तीही यानेच, तेव्हा चिन्हांची हौस आधीपासूनच म्हणायची.) त्यात स्लॅश दाबून एखादा नमुना टाकला की त्यात बसणारा पुढचा न वाचलेला लेख हजर. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. तारा म्हणजे तिच्या आधीचं अक्षर कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा. डॉलर म्हणजे ओळीचा शेवट. अमेरिकेत आलेली बाकीची मुलं खऱ्या डॉलरच्या मागे लागली होती, काका या डॉलरच्या.

आपली माणसं तेव्हा मराठी लिहीत ती रोमन लिपीत, आणि प्रत्येकाचं शुद्धलेखन ज्याचं त्याला. पुरणपोळीत कुणी ‘यू’ घाली, कुणी दोन ‘ओ’. ‘आयट्रान्स’वाले ‘ण’ आणि ‘ळ’साठी कॅपिटल अक्षरं वापरत आणि बाकीच्यांकडे जरा वरूनच बघत. साध्या माणसाने अशा वेळी पाककृतीसाठी आईला फोन केला असता. काकांनी नमुना बांधला: पी, मग यू नाहीतर ओ कितीही वेळा, मग आर, मग काहीही, मग पी-ओ-एल. नमुना बिनचूक होता. भारतीय संस्कृतीच्या थोरल्या गटावर त्यांनी तो सोडला आणि समोर आलं काय, तर मनमोहन सिंगांचं आयात-निर्यात धोरण. ‘इम्पोर्ट पॉलिसी’ रोमनमध्ये लिहून बघा, काकांची पुरणपोळी तिच्यात तंतोतंत बसते. काकूंनी त्या होळीला शिरा केला.

नमुन्याला कोलन आणि ‘जे’ जोडलं की सापडलेले लेख न दाखवताच ‘वाचले’ म्हणून बाजूला पडत. असे हुकूम एका फायलीत लिहून ठेवायचे, तिचं नाव ‘किल फाइल’. काकांनी जुनी गाडी-सोफा विकणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून ‘सेल’ हा शब्द त्यात घातला. मग महिनोन्‌महिने काका कुरकुरत, “आपल्या गटात हल्ली मसाल्यांबद्दल कुणी बोलतच नाही!” कसं बोलणार? रोमनमधल्या ‘मसाले’ची शेवटची चार अक्षरं तीच. गोडा, काळा, मालवणी, सगळे एका हुकमाने गारद.

एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात हजारो गटांवर ओतली. सगळं जग भडकलं. काका तर जास्तच, कारण त्या लॉटरीत भारतीयांना प्रवेशच नव्हता. त्यांनी ‘ग्रीन कार्ड’ किल फाइलीत टाकलं आणि एच-वन व्हिसावरच्या या गृहस्थाला पुढे कित्येक दिवस ग्रीन कार्डाविषयी गटावर अवाक्षर दिसलं नाही. त्यांना वाटलं, लोक सुखात आहेत.

पण काकांची खरी कर्तबगारी म्हणजे मराठी माणसं हुडकणं. आडनाव ‘कर’ने संपलं की माणूस आपला, हा सिद्धांत. आता त्या काळी पाठवणाऱ्याच्या ओळीत आधी पत्ता आणि मग कंसात नाव असे, म्हणजे ओळ संपे ती कंसाने. तेव्हा नुसतं ‘कर’ आणि डॉलर टाकून चालत नाही. मध्ये मिटता कंस हवा. ही बारीक गोष्ट ध्यानात आली त्या रात्री काका झोपले नाहीत. क्रिकेटचा गट, कंपायलरचा गट, बागकामाचा गट, सगळीकडे त्यांनी हे जाळं लावलं आणि जो सापडेल त्याला पत्र: “कुठले तुम्ही? गणपतीला या.”

सापडले कोण? मद्रासचे एक भास्कर, हैदराबादचे एक प्रभाकर, आणि ऑस्कर हे नाव ‘के’ने लिहिणारा एक जर्मन. भास्करांनी सभ्य इंग्रजीत कळवलं, की पत्र कळलं नाही, पण गणपती कळला. कोलकात्याचे एक सरकार मात्र आले, मोदक खाऊन गेले आणि अजून दरवर्षी येतात. पूर्वी आरती टिपून घ्यायचे, आता पाठ म्हणतात. आणि काकांच्याच गावात दोन गल्ल्या सोडून राहणारे जोशी, कुलकर्णी आणि देशपांडे काकांना नऊ वर्षं भेटले नाहीत. नमुन्यात बसत नव्हते, त्याला काका काय करणार! काकांचं स्वतःचं आडनाव गोखले आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी २०२४ ला गूगल ग्रुप्सने यूजनेटचे नवे लेख घेणं थांबवलं. काकांना त्याचं सुतक नाही. सर्व्हरवरून लेख आपोआप पुसले जात तेव्हापासून ते हवं ते स्वतःच्या डिस्कवर उतरवत आलेत. “मंगलाष्टकांच्या चाली” म्हणावं, की चर्चा कुठल्या साली झाली ते काका सांगतात. काय ठरलं ते विचारू नये.

व्हॉट्सॲपमधला शोध मात्र त्यांना पोरखेळ वाटतो. तारा नाही, डॉलर नाही! म्हणून ते मराठी मंडळाच्या ग्रुपची गप्पांची फाइल ‘एक्स्पोर्ट’ करून घेतात आणि घरी तिच्यावर ग्रेप चालवतात. मागच्या वर्षी त्यांनी ‘वर्गणी’ आणि त्यापुढे ‘उद्या’ असा नमुना लावला, रोमन-देवनागरी दोन्हीत, आणि आलेली यादी वार्षिक सभेत मोठ्याने वाचून दाखवली. त्यात अध्यक्षांचं नाव तीनदा होतं. आता मंडळाच्या ग्रुपवरचे मेसेज चोवीस तासांनी आपोआप पुसले जातात.