ब्राइटनेसकाका

सोसायटीत नळाला प्लंबर असतो, लिफ्टला लिफ्टवाला असतो आणि ‘लॅपटॉपवर व्हिडिओ काळाकुट्ट दिसतोय’ या तक्रारीला ब्राइटनेसकाका असतात. ते डोंबिवलीत असतात, कोथरूडला असतात आणि मुलाकडे न्यू जर्सीला राहायला गेले की तिथेही असतात. वय साठीच्या पुढे, निवृत्ती बँकेतून किंवा टेलिफोन खात्यातून, शर्टाच्या खिशात चष्मा पुसायचं फडकं. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला नसतो, त्यामुळे आत्मविश्वासाला कुठेही धक्का लागलेला नसतो.

बोलावणं गेलं की काका आल्या आल्या लॅपटॉपकडे बघत नाहीत, घरातल्या माणसांकडे बघतात. “कोणी काय दाबलं?”

कुणीच काही दाबलेलं नसतं. या देशात आजवर कुणीच, कधीच, काहीच दाबलेलं नाही. तरीही लॅपटॉपचा अख्खा पडदा कृष्णधवल झालेला असतो, कारण विंडोजमध्ये रंगांच्या फिल्टरचा शॉर्टकट चालू असला की विंडोज, कंट्रोल आणि सी या तीन कळा एकदम दाबल्या जाताच सारं जग करडं होतं. नातू बाजूला उभा राहून खिडकीबाहेर बघत असतो. काका त्याच तीन कळा पुन्हा दाबतात, रंग परत येतात, आणि त्या घरच्या काकूंच्या चेहऱ्यावर डॉक्टरांनी नाडी धरल्यावर येतो तसा भाव येतो. काकांची अर्धी कीर्ती या तीन कळांवर उभी आहे.

उरलेली अर्धी 1982 सालावर. त्या वर्षी 15 ऑगस्टला दूरदर्शनवर रंग आले, नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई खेळांचं चित्र रंगीत दिसलं, आणि ज्यांच्या घरी रंगीत संच नव्हता त्यांनी कृष्णधवल पडद्यावर रंगीत प्लास्टिक लावून घेतलं. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसायची, पण घरात रंग आला होता. पुढे खरा रंगीत टीव्ही आला तेव्हा त्याचं कलरचं बटण फिरवायचा अधिकार घरात एकालाच होता. तो एक म्हणजे आजचे काका. चित्र हे नुसतं बघायचं नसतं, ते ‘लावायचं’ असतं, ही त्यांची श्रद्धा तेव्हापासूनची. शांतारामबापूंनी प्रभातसाठी काढलेल्या ‘सैरंध्री’चं उदाहरण ते हटकून देतात. 1933 चा तो बोलपट रंगीत करायचा म्हणून त्याचं रंगाचं काम जर्मनीत करवून घेतलं आणि रंग बिघडून आले. “शांतारामबापूंना जे जमलं नाही,” एवढंच म्हणून काका थांबतात. वाक्याचा उत्तरार्ध ऐकणाऱ्यांनी समजून घ्यायचा असतो.

त्यांना काहीच कळत नाही, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. त्यांची तपासणीची रीत पक्की आहे आणि कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलांपेक्षा बरी आहे. आधी दुसरा व्हिडिओ लावून बघायचा. तो चांगला दिसला तर दोष पहिल्या फाइलचा. दोन्ही वाईट दिसले तर प्लेअर बदलायचा. ब्राउझरमध्ये चित्र हिरवं पडत असेल आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये ठीक असेल, तर ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघायचं. मग स्क्रीनशॉट काढून फोनवर पाठवायचा. फोनवर रंग नीट दिसले तर फाइल आणि प्लेअर निर्दोष, गुन्हेगार पुढे कुठेतरी, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरच्या रंगमांडणीत, रात्री पडदा पिवळा करणाऱ्या नाइट लाइटमध्ये किंवा थेट पडद्याच्या पॅनेलमध्ये. विंडोजचा नाइट लाइट स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही, हेही काकांना ठाऊक असतं. सगळं चांगलं दिसत असूनही एकट्या आजोबांनाच चेहरे काळपट दिसत असतील, तर काका लॅपटॉपला हात न लावता आजोबांची उशी बदलतात. स्वस्तातल्या टीएन पॅनेलकडे खालून पाहिलं की चित्र काळवंडतं, कधी उलटंही होतं. पलंगावर आडवं होऊन कीर्तन बघणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

पण निदान झाल्यावर थांबतील तर ते काका कसले!

पूर्वी चित्रात ढवळाढवळ करणारा घरात एकच होता. आता लॅपटॉपच्या आत अख्खी कार्यकारिणी बसलेली असते आणि तिची सभा कुणाला दिसत नाही. खोलीतला उजेड मोजून सेन्सर पडदा मंद करतो. लॅपटॉप बॅटरीवर असला की इंटेलची वीजबचत सोय दृश्यानुसार प्रकाश वरखाली करते. विंडोज 11 मध्ये ‘मजकुराप्रमाणे ब्राइटनेस बदला’ अशी एक निराळीच सोय असते. सूर्यास्ताला नाइट लाइट पडद्यावर पिवळी झाक चढवतो. एचडीएमआय वायरने टीव्ही जोडला तर आणखी एक भांडण: टीव्हीच्या जमान्यातल्या रिवाजाने व्हिडिओतला काळा 16 वर आणि पांढरा 235 वर असतो, कॉम्प्युटर 0 ते 255 मोजतो. एकाचा काळा दुसऱ्याने करडा मानला की रात्रीचे प्रसंग राख फासून बसतात, आणि उलट झालं तर अंधारातला खलनायक दिसतच नाही. उपाय म्हणजे ड्रायव्हरच्या सेटिंगमधली फुल आणि लिमिटेड यांतली एक निवड.

काका ती निवड करतात. मग समाधान होत नाही म्हणून व्हीएलसीच्या इफेक्ट्समध्ये शिरून सॅच्युरेशन वाढवतात, गॅमा थोडा सरकवतात, आणि रात्री साडेनऊला चेहरे पिवळट वाटतात म्हणून ड्रायव्हरमधून निळा चढवतात. सगळे खूश होतात. सकाळी सूर्य उगवतो, नाइट लाइट वेळापत्रकाप्रमाणे आपोआप बंद होतो, आणि आदल्या रात्री गोरी झालेली मंडळी दात घासायच्या आत निळी पडतात. काका पुन्हा येतात. “बघा, मी म्हटलं होतं ना, पॅनेल गेलंय!”

एप्रिल 2019 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ‘द लाँग नाइट’ हा भाग इतका अंधारा निघाला की जगभर ओरड झाली, आणि त्याचे छायाचित्रणकार फेबियन वॅग्नर यांनी लोकांना आपले टीव्ही नीट लावता येत नाहीत असं सुनावलं. काकांनी मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही, पण वॅग्नर हा त्यांना गावातलाच माणूस वाटतो.

त्यांची खरी कसोटी लग्नाच्या व्हिडिओला लागते. अमेरिकेतला भाचा सगळं आयफोनवर टिपतो. आयफोन 12 पासून हे फोन डॉल्बी व्हिजन एचडीआरमध्ये चित्रण करतात. ती फाइल लॅपटॉपवर एक तर उघडतच नाही, एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन मागते, किंवा उघडली तरी धुऊन वाळत घातल्यागत फिकी दिसते. एचडीआरमधला प्रचंड उजेड साध्या पडद्याच्या आवाक्यात नीट आणून बसवणारा प्लेअर नसेल तर हे होणारच. चांगला प्लेअर टाकायचा, नाही तर भाच्यालाच साधी फाइल पाठवायला सांगायची; दहा मिनिटांचं काम.

काका मात्र डोळ्यांनी लावत बसतात. एव्हाना खोलीत सात माणसं जमलेली, आणि नवरीची पैठणी मोरपिशी की हिरवी यावरून दोन तट पडलेले. फेब्रुवारी 2015 मध्ये एका झग्याच्या फोटोवरून निळा-काळा की पांढरा-सोनेरी असा वाद जगभर पेटला होता (झगा प्रत्यक्षात निळा-काळा होता), तो वाद या खोलीपुढे सौम्य म्हणायचा. मुलीची आई म्हणते मोरपिशी, पैसे मी मोजलेत. आत्या म्हणते हिरवी, मी तिच्या शेजारी उभी होते. काका ह्यूचा स्लायडर दोघींच्या मधोमध आणून ठेवतात, तेव्हा पैठणी कुठल्याच बाजूची राहत नाही आणि भटजी जांभळे होतात.

शेवटी पुरावाच मागवला जातो. कपाटातून मलमलीत गुंडाळलेली पैठणी येते, पडद्याशेजारी धरली जाते, सगळे पुढे वाकतात. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली दिसली होती तशी ती इथल्या पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली कशी दिसणार? काका हे क्षणात ओळखतात. “आधी ती ट्यूब बंद करा,” ते म्हणतात, “आणि कोणी तरी खालून आमच्याकडचा जुना पिवळा बल्ब घेऊन या.”

नातू निघतो. आत्या मागून ओरडते, “आणि येताना काकूंना विचार, त्यांना ती कुठली दिसली होती!”