कफीलसाहेब, पासपोर्ट सांभाळल्याबद्दल आभार

आखातातील समस्त कफीलसाहेबांस, म्हणजे कामगारांच्या प्रायोजक-मालकांस,

रत्नागिरीपासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावरून, बिहारमधून, नेपाळ-बांगलादेशातून गवंडी, ड्रायव्हर, मोलकरणी आपल्याकडे येतात आणि आल्या आल्या आपण त्यांचे पासपोर्ट कपाटात ठेवता. बिचाऱ्यांकडून हरवू नयेत म्हणून! ही काळजी घेताना आपण स्वतःच्या देशाच्या कायद्याचीही पर्वा करत नाही, याचे विशेष कौतुक वाटते. कतारमध्ये पासपोर्ट असा ठेवून घेण्यास २००९ पासून कायद्याने मनाई आहे. २०१५ च्या कायद्याने दंडही २५,००० रियालपर्यंत वाढवला. तरी कपाटे भरलेलीच. कारण सरळ आहे. तक्रार करायची कामगाराने, आणि त्याचा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नव्याने काढायचा तुम्ही. सौदीत त्याने काम सोडले की तुम्ही 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याचा शेरा, नोंदवायचा. मग तक्रारदार फरारी ठरतो आणि पोलीस त्यालाच शोधू लागतात. पगार वेळेवर मिळणे, दुपारच्या उन्हात काम न करणे हे सगळे हक्क कागदावर आहेत, पण ते ज्याच्यावर उभे राहतात तो निघून जाण्याचा हक्कच कपाटात बंद आहे. कुवेतमध्ये मंगाफला १२ जून २०२४ रोजी कामगारांच्या इमारतीला आग लागली, पन्नासच्या आसपास माणसे गेली, त्यांत ४५ भारतीय. नोकरी मालकाची, खोलीही मालकाची. 'इथे राहत नाही' असे कामगाराने म्हणायचे तरी कशाच्या बळावर?

आपण म्हणाल, जबरदस्ती कुठे आहे? तो स्वखुशीने आला, गावापेक्षा चौपट कमावतो. कमावतो, हे खरेच. कोकणातली कितीतरी घरे त्याच पैशावर उभी आहेत. पण स्वखुशीने आलेल्या माणसाला स्वखुशीने जाताही यायला हवे, आणि एजंटासाठी कर्ज काढून आलेल्याची खुशी पहिल्याच महिन्यात किती उरते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार! आपला दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: व्हिसा, तिकीट, खर्च सगळा आपला, आणि महिन्याभरात तो दुसरीकडे गेला तर? नुकसान होईल, मान्य. त्यासाठी करार असतो, नोटिशीची मुदत असते, कोर्ट असते. कर्जदार पळेल म्हणून बँक त्याला तिजोरीत कोंडून ठेवत नाही. शिवाय कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकतीची अट काढली, १,००० रियाल किमान मूळ वेतन ठरवले. अंमलबजावणीबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण त्या सुधारणेने दोह्यातला धंदा काही बुडाला नाही. २०२२ चा विश्वचषकही थाटात पार पडला.

आता राहिली संयुक्त राष्ट्रांची धास्ती. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा करार १८ डिसेंबर १९९० रोजी मंजूर झाला. त्याच्या २१व्या कलमात, कायद्याने अधिकार दिलेल्या सरकारी अधिकाऱ्याशिवाय कोणीही ओळखीची कागदपत्रे जप्त करू नयेत, असे स्पष्ट लिहिले आहे. आपण निश्चिंत असावे. आखातातल्या सहापैकी एकाही देशाने तो स्वीकारलेला नाही. मानवी हक्कांवर जगाला व्याख्याने देणाऱ्या अमेरिकेने, ब्रिटनने, जर्मनीनेही नाही. माणसे पाठवणाऱ्या फिलिपाइन्सने, श्रीलंकेने, बांगलादेशाने स्वीकारला. भारताने नाही. परदेशातून वर्षाला शंभर अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम आमच्याकडे येते, तिचे आकडे आम्ही अभिमानाने छापतो आणि दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टसाठी वेगळा वर्ग ठेवतो. तो पासपोर्ट पुढे कोणाच्या कपाटात जातो, याची चौकशी आमच्याकडून सहसा होणार नाही.

कळावे.