वजा दोन दिवसांची नोकरी

करार संपून रत्नागिरी-रायगडचा माणूस जेद्दाच्या शराफिया भागातून कायमचा गावी निघतो, तेव्हा त्याच्या सेवेचा हिशेब एक्सेल करतं. सौदी कायदा सरळ आहे: सेवा संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे वर्षाला पूर्ण महिन्याचा. वाकडं आहे ते वर्षं मोजणं.

त्यासाठी 'डेटडिफ' नावाचं फंक्शन आहे. लोटस १-२-३च्या जुन्या फायली चालाव्यात म्हणून ठेवलेलं. नाव टाइप करताना सुचवण्यांच्या यादीत मात्र ते दिसत नाही. आमंत्रण न देता पंगतीला बसवलेला पाहुणाच जणू.

१ जानेवारी २०१५ला रुजू झालेल्याचा शेवटचा दिवस ३१ डिसेंबर २०२४ असेल, तर हे फंक्शन ठामपणे नऊ वर्षं सांगतं. शेवटचा दिवस ते धरतच नाही. अखेरच्या तारखेत एक मिळवला की दहा होतात. वरचे दिवस काढायला त्याला 'एमडी' हा पर्याय लावलात, तर ३१ जानेवारी ते १ मार्च २०२३चं उत्तर येतं वजा दोन. म्हणजे माणूसच कंपनीला दोन दिवस देणं लागतो! 'एमडी' वापरू नका, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. काढून मात्र टाकत नाही.

त्यात हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान. कुठलं धरायचं, हे करार वाचल्याशिवाय एक्सेलला कळणार नाही.

कामगाराचं अख्खं वर्ष गळलं तरी सूत्र बरोबर मानलं जातं. एक दिवस जास्त भरला, तर मात्र हिशेबनीस त्याच रात्री ते दुरुस्त करतो.