काका, ॲप टाका!

मुक्काम पोस्ट नवलाख उंबरे,
तालुका मावळ, जिल्हा पुणे

चि. काउंटरवाले साहेब यांस,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, कारण गळ्यातल्या ओळखपत्राची कोरी बाजू पुढे आली होती. बँकेचं नाव ठाऊक आहे, पण लिहीत नाही. बँक आमच्या गावातली नाही, एवढं पुरे.

पत्रास कारण की, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या माझ्या शेजाऱ्याला तुम्ही जो सल्ला दिलात, तो मी त्याच्यामागे उभा राहून ऐकला. तुम्ही म्हणालात, “काका, एक स्मार्टफोन घेऊन टाका. ॲप टाका. सगळं घरबसल्या होतं.”

काय सांगू, ऐकून मी भारावलो. शेजारी घरीच बसलेला होता हो. तिथून उठून, गावातून सहा आसनी पकडून, पुढे एसटीत उभा राहून तो तुमच्या काचेपर्यंत पोचला, तेव्हा त्याला कळलं की ज्या ओट्यावरून आपण उठलो तोच खरा काउंटर होता.

तुम्हाला त्याची ओळख नाही, म्हणून करून देतो. वय सत्तरीच्या पुढे. जमिनीतली काही एमआयडीसीत गेली, थोडी भातखाचरं उरली. उभी हयात फोर्जिंगच्या कारखान्यात गेली, तापलेलं लोखंड धरण्यात. त्याचा अंगठा तुम्ही मशीनवर ठेवून घेतलात. जुळला नाही. “पुसा काका.” पुसला. “दुसरं बोट द्या.” दिलं. मग तिसरं. मग डाव्या हाताची सगळी. मशीनला एकही बोट ओळखता येईना. ज्या कामाची ती पेन्शन, त्याच कामानं ठसे घासून नेलेत, एवढं तुमच्या मशीनला कळत नाही. तुम्हाला कळायला हरकत नव्हती.

आणि पेन्शन तरी केवढी? कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ची. तिची किमान रक्कम २०१४च्या सप्टेंबरात दरमहा १००० रुपये ठरली, आणि ते वर्ष मी मुद्दाम लिहितोय, कारण तेव्हापासून गॅसपासून गोळ्यांपर्यंत काय काय कुठं गेलं ते तुम्हीही बघताय. शेजाऱ्याला हजाराहून थोडी जास्त मिळते. बरा म्हणावा असा फोन सात-आठ हजारांच्या खाली येत नाही. म्हणजे सहा-सात महिने त्यानं काही खायचं नाही, औषध आणायचं नाही, मग फोन येईल आणि त्या फोनवरून तो सरकारला कळवील की मी जिवंत आहे. त्यापुढे रिचार्ज. पेन्शनचा महिना तीस दिवसांचा आणि रिचार्जचा अठ्ठावीस, हा हिशेब कुणी लावला त्याला माझा साष्टांग नमस्कार. वर्षाकाठी पेन्शन बारा वेळा येते, रिचार्ज तेरा वेळा जातो.

“शिका हो काका, सोपं असतं,” असंही तुम्ही म्हणालात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालोय. माझ्याकडे स्मार्टफोन आहे आणि मला तो येतो. घरात हिचं कीर्तन त्याच्यावरच चालतं. त्यामुळे हा म्हातारा यंत्राला घाबरतो, म्हणून कुरकुरतोय, असं समजून पत्र बाजूला ठेवू नका. प्रश्न येण्या-न येण्याचा नाहीच. पासबुकात शिक्का मारणं, अर्ज तपासणं, सही ताडून बघणं, हे सगळं बँकेचं काम होतं. ते काम उचलून तुम्ही आमच्या खिशात टाकलंत, आणि खिसाही आम्हीच शिवून आणायचा! फोनची गरज शेजाऱ्याला नाही, साहेब. तुमच्या शाखेत बंद केलेल्या दोन खिडक्यांची ती गरज आहे.

त्याच दिवशी माझंही काम होतं, तेही सांगतो. माझी पेन्शन सरकारी. पेन्शनरांची यादी शाखेत आलेली होती. नावापुढे सही केली, झालो जिवंत. ज्या पेनानं मी सही केली, ते दोरीनं बांधलेलं पेन शेजाऱ्याच्या हातापासून वीतभर लांब होतं. एकाच शाखेत, एकाच सकाळी, मास्तर सहीवर जिवंत आणि कामगार ॲपशिवाय मेलेला. का? त्याची योजना वेगळी, त्याचं खातं वेगळं. बरं.

आता मुख्य दुखणं. जीवन प्रमाण ही हयातीच्या डिजिटल दाखल्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ला सुरू झाली. २०२१च्या नोव्हेंबरात तिच्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, ती कुणासाठी? ज्यांचे ठसे उठत नाहीत, अशांना तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आणि ते ॲप फोन कुणाचा आहे हे विचारतच नाही. फोन हाताळणाऱ्यानं आधी स्वतःची ओळख पटवायची, मग समोरच्या पेन्शनराचा आधार क्रमांक टाकायचा, त्याचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायचा, त्यानं डोळे मिचकावायचे, संपलं. एका फोनवरून अख्ख्या आळीचे दाखले होतात. ओटीपी येतो तो साध्या संदेशानं, शेजाऱ्याच्या बटणांच्या फोनवरही येतो. म्हणजे त्या कामाला एक स्मार्टफोन लागत होता हे खरं, पण तो शेजाऱ्याचाच असायला हवा होता असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि एक फोन तिथं होता. तुमच्या कीबोर्डशेजारी, पालथा. मोठा, देखणा, मागे तीन कॅमेरे असलेला. मधूनमधून थरथरत होता.

मी पुढे होऊन म्हटलं, “साहेब, तुमच्याच फोनवर करा की.” तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी तुमची चप्पल मागितली.

इथे उपरोध पुरे. मला राग आला, अजून आहे. रिझर्व्ह बँकेनं ९ नोव्हेंबर २०१७ला परिपत्रक काढून सांगितलंय की सत्तर वर्षांवरच्या ग्राहकांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट, अगदी हयातीच्या दाखल्याची सोयसुद्धा घरी जाऊन द्या. घरी जाऊन! हे काम ३१ डिसेंबर २०१७पर्यंत सुरू करायचं होतं. ज्या माणसाच्या दारात तुम्ही जायचं, तो माणूस दोन वाहनं बदलून तुमच्या दारात आला, आणि तुम्ही त्याला बाजारात पाठवलंत. तो काही बोलला नाही. “बरं साहेब” म्हणाला. आयुष्यभर मुकादमाला म्हणाला तसंच. कागद पिशवीत घातले, पिशवीची गाठ मारली. त्याच्या त्या “बरं साहेब”साठी हे पत्र लिहितोय, माझ्यासाठी नाही.

बाकी तक्रारींची यादी मोठी आहे, पण ती तुमच्या गळ्यात बांधत नाही. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात शंभराची नोट पुढे केली तर दुकानदार सुटे नाहीत म्हणतो आणि गल्ल्यावरच्या क्यूआर कोडच्या चौकटीकडे बोट दाखवतो. वीज कंपनी कागदाचं बिल नको म्हणणाऱ्याला दहा रुपये सोडते, म्हणजे कागद मागणारा दहा रुपयांनी गुन्हेगार. रेल्वेचं तिकीट ॲपवर निघतं, पण २०२०च्या मार्चात काढून घेतलेली ज्येष्ठांची सवलत कोणत्याच ॲपवर सापडत नाही. बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायची सोय २०२२पासून आहे, रिझर्व्ह बँकेनंच आणली. ती कुणी आम्हाला सांगितल्याचं तुमच्या ऐकिवात आहे का?

ई-पीक पाहणीचं मात्र सांगतोच, कारण त्यात शेजाऱ्याची दुसऱ्यांदा परीक्षा झाली. पूर्वी सातबाऱ्यावर पीक तलाठी लावायचा. २०२१च्या १५ ऑगस्टपासून ते शेतकऱ्यानं स्वतः फोनवर लावायचं, शेतात उभं राहून, फोटोसकट. मावळातला पाऊस तुम्ही बघितला असेल. खाचरात गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिक, फोन पिशवीत, आणि पिशवीवरून बोट चालत नाही. पिशवीतून फोन काढला की काचेवर पाणी, तरीही बोट चालत नाही. शेजाऱ्याच्या नातवानं कॉलेजला दांडी मारली आणि इंद्रायणी तांदळाचा फोटो काढला. ही इंद्रायणी वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं दिलेली, आमच्या तालुक्याची शान. तिच्या फोटोत नातवाचा अंगठा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दांडी. बायकोपोरांना पोसलेल्या माणसाला आज पिकाची नोंद करायला, पेन्शन बघायला, गॅस नोंदवायला नातवाचा मूड सांभाळावा लागतो. “बाळा, जरा ओटीपी बघतोस का?” हे वाक्य तो ज्या आवाजात बोलतो, तो आवाज मी त्याच्या मालकासमोरही ऐकला नव्हता. स्वावलंबन म्हणतात ते हेच असावं.

आणि समजा, घेतलाच त्यानं फोन. मग? पहिला फोन नातेवाइकाचा येणार नाही, ‘मुंबई क्राइम ब्रँच’चा येईल. खाकीतला माणूस पडद्यावर येऊन सांगेल की तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अटक झालीय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. असली अटक कायद्यात नाही, हे २०२४च्या ऑक्टोबरात खुद्द पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं. फसलात तर १९३०ला फोन लावा म्हणतात. लावतो. पण ज्या म्हाताऱ्याला आज त्या फोनची गरज नाही, त्याच्या हातात तो जबरदस्तीनं द्यायचा आणि मग त्यावरून कुणाला काही सांगू नका म्हणून ताकीद द्यायची, यात नक्की कुणाची सोय होते? बटणांच्या फोनवर पोलिसाचा वेष दिसत नाही, हा त्याचा केवढा मोठा गुण आहे याची जाहिरात कोणीच करत नाही.

एसटीचा कंडक्टर बघा. २०२२च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात एसटी फुकट आहे. कंडक्टर आधारकार्ड हातात घेतो, तोंडाकडे बघतो, कार्ड परत देतो, तिकीट फाडतो. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचं हे तंत्रज्ञान हलत्या गाडीत, घाटात, गर्दीत चालतं. डोळे मिचकावायला कोणी सांगत नाही.

एवढं लिहून पत्र संपवणार होतो. पण शेजारी बाहेर पाणी प्यायला गेला तेव्हा मी बाकावर बसून तुम्हाला बघत होतो, तेही लिहायला हवं. चारातल्या दोन खिडक्यांवर पुठ्ठा. पासबुकाच्या यंत्रावर ‘बंद आहे’ असा चिकटवलेला कागद, कडा पिवळ्या पडलेला. केवायसीसाठी आलेल्या बायांची रांग दारापर्यंत. आतून तुमच्या साहेबांनी विचारलं, आज पॉलिसी किती झाल्या? तुम्ही म्हणालात, “होतील सर.” दुपार उलटून गेली होती आणि तुमचा डबा खणात तसाच होता. मग तो पालथा फोन पुन्हा थरथरला आणि तुम्ही उचललात. आवाज मराठवाड्याकडचा, दबका. “अण्णा, हिरवं बटण. लाल नाही, हिरवं. बरं राहू द्या, काहीच दाबू नका. रात्री मी लावतो.”

म्हणजे तुम्हीसुद्धा कुणाचे तरी नातूच झालायत. दिवसभर आमच्या काकांना ॲप टाका सांगायचं, रात्री चारशे किलोमीटरवरून आपल्या अण्णांचं ॲप चालवायचं. तुम्ही एकाला फोन पुढे केला असतात तर त्याच्यामागचे सगळे म्हातारे पुढे सरकले असते, आणि संध्याकाळी साहेबांनी दाखले किती झाले हे विचारलं नसतं, पॉलिसीच विचारल्या असत्या. हे मला दिसलं. दिसलं म्हणून राग गेला असं मात्र नाही. तो तुमच्या डोक्यावरून वरच्या मजल्याकडे गेला, एवढंच.

शेजाऱ्याच्या दाखल्याचं पुढे काय झालं ते कळवतो. गावात पत्रं वाटणाऱ्या डाकसेवकानं केला, पोस्टाच्या बँकेतर्फे. शेजाऱ्याच्या अंगणात. डाकसेवकाच्या हातात फोन, शेजारी खुर्चीवर ताठ, कॅमेऱ्यात मधेच शेळी येत होती. डोळे मिचकाव म्हटल्यावर शेजाऱ्यानं एकच मिचकावला, आणि त्याची बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. दुसऱ्या खेपेला जमलं. बटणांचा फोन वाजला, वर्षभरापुरता तो जिवंत.

सोबत हिशेब जोडतो आहे: दोघांचं सहा आसनीचं आणि एसटीचं भाडं, आणि शेजाऱ्याचा एक दिवस, ज्याचा दर तुमच्या वरिष्ठांनीच लावावा. ही रक्कम तुमच्या पगारातून कापली जाऊ नये अशी माझी स्पष्ट विनंती आहे. कागद वर पाठवा. पुढच्या नोव्हेंबरात आम्ही दोघं पुन्हा येणार, नव्या फोनशिवाय.

अण्णांना नमस्कार सांगावा. लाल बटण कधीही दाबू नये.

आपला,
एक निवृत्त मास्तर

ता. क. : या पत्राची पोच द्यावी. कागदावर, तारखेसह, शिक्का मारून. ओटीपी मागू नये.