पाहिजे : भांग पाडता येईल असं डोकं

महाबळेश्वरात पाऊस ओसरला की दोन गोष्टींची लागण एकदमच सुरू होते : शेतात स्ट्रॉबेरीच्या रोपांची आणि बाजारपेठेत 'पाहिजेत'च्या पाट्यांची. रोपाला निदान गादीवाफा लागतो, ठिबक लागतं. पाटीला तीन ओळी पुरतात. 'रिसेप्शनसाठी मुलगा/मुलगी. स्मार्ट व प्रेझेंटेबल. फुल साइज फोटोसह भेटा.' शिक्षणाचं बघू नंतर. पुतळा उभा करायचा असला तरी लोक इतकी उंची-रुंदी विचारत नाहीत.

या दिवसांत खरी गर्दी कुठल्या नोकरीच्या कचेरीत नसते, ती सलूनमध्ये असते. आमचे सलूनवाले दादा गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, "भरती का हॉटेल?" भरती म्हटलं की मशिन फिरलं, दोन मिनिटांत काम तमाम. आपला जिल्हा फौजेचा. अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' चिकटलंय आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. त्यामुळे मिलिटरी कट हा आमच्याकडे केशरचनेत मोडत नाही, तो चारित्र्याचा दाखला असतो. हॉटेल म्हटलं की मात्र दादा गंभीर होतात. बाजूने बारीक, वर दाट, पुढे किंचित उचललेले आणि वर जेल. "पार्टी पुण्या-मुंबईची असती," ते कात्री थांबवून सांगतात, "पोरगं आपलं वाटलं नाही पाहिजे."

हे वाक्य मी त्यांच्याकडून मागून घेतलं आहे. त्याच्याहून नेमकं भरती-धोरण मी अजून कुठल्या कंपनीच्या छापील कागदावर वाचलेलं नाही.

गेल्या मोसमात एका हॉटेलच्या लॉबीत (नाव विचारू नका, मला अजून तिथे चहा मिळतो) एका पाहुण्याची वाट बघत बसलो होतो. जावळीकडचा एक मुलगा मुलाखतीला आला. हातात हॉटेल मॅनेजमेंटच्या पदविकेची फाइल, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि डोकं गुळगुळीत. मॅनेजरसाहेबांनी फाइल उघडली, पण नजर काही फाइलवर उतरेना.

"हे काय रे?"

"वडील वारले, सर. दशक्रियेला केस काढले."

"अरेरे. वाईट झालं." साहेब मनापासून म्हणाले. माणूस खरंच वाईट नाही. त्यांनी पाणी मागवलं, वडिलांचं वय विचारलं, घरी मागे कोण कोण आहे तेही विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं बघ, आपल्याकडे पार्टी हनिमूनची. नवं जोडपं दारातून आत येणार आणि समोर पहिल्यांदा..." पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं, स्वतःच्या टाळूवरून तळवा फिरवून. "जरा डोकं भरू दे. मग ये."

"कधी येऊ?"

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. भांग पडायला तीन महिने धरा. तोवर दिवाळी गेली, नाताळ गेला, थर्टी फर्स्टही गेला. साहेबांनी हा हिशेब केला नाही. मुलाने केला, तो त्याच्या तोंडावर दिसत होता. शेवटी मार्ग निघाला. किचनमध्ये जागा होती. तिथे टोपी घालतात.

बापासाठी डोकं भादरणारा पोरगा घरात सुपुत्र आणि काउंटरवर अपशकुन. आणि एअर इंडिया बघा. २०२२च्या नोव्हेंबरात विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यांचे नवे नियम वर्तमानपत्रांत झळकले : टक्कल पडू लागलेल्या पुरुषांनी रोज पूर्ण डोकं तासायचं, बायकांनी पांढरे केस रंगवायचे, मोत्याची कुडी घालायची नाही. म्हणजे जे डोकं महाबळेश्वरच्या काउंटरवर चालत नाही, ते पस्तीस हजार फुटांवर सक्तीचं! मोत्याच्या कुड्या मात्र आमच्या काउंटरवर चालतात. दिवाळी पॅकेजला तर चालतातच.

डोक्याची चौकशी न होणारी नोकरीही जावळी-पाटणच्या लोकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. मुंबईत मशीद बंदरला, वाशीला पाठीवर नाहीतर डोक्यावर गोणी घ्यायची. माथाडी कायदा १९६९चा, पण त्यात फुल साइज फोटोचं कलम मला तरी सापडलं नाही.

केसांवरून आपण तोंडावर येऊ. त्याच हॉटेलात चायनीजच्या काउंटरवर एक दार्जिलिंगचा मुलगा आहे. मूळचा तो बिलिंगचं काम शिकलेला. कॉम्प्युटर झकास चालवतो, हिंदी आपल्यापेक्षा शुद्ध. पण साहेबांनी त्याला पाहिल्या क्षणी कढई दिली. "लोकांना ऑथेंटिक वाटतं." बिचाऱ्याला हक्का नूडल्स येत नव्हत्या. त्या त्याला मेढ्याच्या एका पोराने शिकवल्या, जो आता मागे कांदा-कोबी चिरतो, कारण त्याचं तोंड मंचुरियनला शोभत नाही. पनवेलच्या पुढे जन्मात न गेलेल्या गृहस्थांनी परवा त्या दार्जिलिंगवाल्याला कौतुकाने विचारलं, "इंडिया कैसा लगता है?" त्याने सॉस जास्त घातला. एवढाच निषेध त्याच्या नोकरीत बसतो.

चिनी चेहऱ्यांचं महाबळेश्वरला खरं तर अप्रूप नसावं. इंग्रजांनी इथे १८३४ साली तुरुंग बांधून त्यात चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले. १८६४ पर्यंत तो चालला. या कैद्यांनी डोंगरउतारावर बटाटा आणि भाजीपाला पिकवला, वेताच्या टोपल्या विणल्या आणि इथल्या लोकांना ते शिकवलं. सुटल्यावर काहीजण इथेच राहून मळे करत राहिले. एका धबधब्याला त्यांच्यावरूनच 'चायनामन्स फॉल' म्हणतात. त्यांना कोणी फोटोसह भेटायला सांगितलं नव्हतं. बेड्यांसह आणलं होतं. आज त्यांच्यापैकी एखादा 'शेती सल्लागार' म्हणून अर्ज घेऊन आला, तर त्यालाही आपण कढईच देऊ.

हसण्यावारी नेण्याची एक हद्द असते. २०१४च्या जानेवारीत दिल्लीत लाजपत नगरला अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या रंगवलेल्या केसांवरून दुकानातल्या लोकांनी टर उडवली, मारामारी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा मेला. विशीही उलटली नव्हती. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. तिने त्याच वर्षी अहवाल दिला, कायदा कडक करा म्हणून सांगितलं. असे अहवाल आपल्याकडे कसे जपून ठेवतात ते वाचकांना माहीत आहे.

अमेरिकेत तर केसांचा दावा थेट कोर्टात लढवला जातो. अलाबामात एका कृष्णवर्णीय तरुणीला २०१० साली नोकरी देऊ केली आणि ड्रेडलॉक कापायला ती नाही म्हणाली म्हणून परत घेतली. २०१६ साली वरच्या कोर्टाने सांगितलं की केस बदलता येतात, तेव्हा हा वंशभेद नव्हे. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा करून असा भेद बेकायदा ठरवला.

आमच्याकडे ड्रेडलॉकचा निकाल कोर्टाशिवाय लागतो. मुंबईहून आलेल्या पाहुण्याने हजारो रुपये मोजून ते करून घेतले असले, तर त्याला दारातच स्ट्रॉबेरीचं सरबत. तसेच गुंतलेले केस डोंगरापलीकडच्या बाईच्या डोक्यावर असले, तर ती जट. देवीचं म्हणून घरचे कापू देत नाहीत आणि घाणेरडं म्हणून बंगल्यावर कोणी धुण्याभांड्याला ठेवत नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती अशा बायकांच्या घरी जाऊन, त्यांची आणि घरच्यांची समजूत काढून जटा सोडवते. मानेचा भार उतरतो. त्यानंतर बंगल्यावर काम मिळतं का, तर तिथे पुढचा प्रश्न तयार असतो : "आडनाव काय तुझं?"

कारण केस ही झाली दुसरी चाळणी. पहिलीला माणूस समोर असावाही लागत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत. २००७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता एक धरली, तर दलित नावाला ती सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. फोटो नव्हता, जेल नव्हतं, भांग नव्हता. केस तीन महिन्यांनी येतात. आडनावाला सलूनमध्ये काही करता येत नाही. दादांना विचारून बघितलं.

पाचगणीला मात्र आपल्या पारखीचा फार अभिमान. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत १९५०च्या दशकात झांझिबारहून आलेला फरोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, त्यामुळे ओठ पुढे. शाळेत पियानो शिकला, मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणू लागलं. आता टॅक्सीवाले पर्यटकांना त्याची शाळा दाखवतात. हाच मुलगा खांद्यापर्यंत केस आणि ते दात घेऊन काउंटरच्या जागेसाठी आला असता, तर साहेबांनी पाणी मागवलं असतं, घरी मागे कोण कोण आहे ते विचारलं असतं, आणि... किचनला टोपी असतेच.

हॉटेलवाल्या मंडळींना, तुमचा चहा स्मरून, एक विनंती आहे. पाहुण्याची तुमच्या हॉटेलशी पहिली गाठ फोनवर पडते. तेव्हा काउंटरची मुलाखतही एकदा फोनवरच घेऊन बघा. पलीकडचा नीट बोलतोय का, हिशेब बरोबर सांगतोय का, चिडलेल्या गिऱ्हाइकाला सांभाळतोय का, सगळं कळेल. नाव शेवटी विचारा. आणि यंदाची पाटी रंगवाल तेव्हा फुल साइज फोटोची ओळ खोडून तिथे पगार किती ते लिहा. गेल्या वर्षी बाजारपेठेतल्या एकाही पाटीवर ते लिहायला जागा उरली नव्हती.