कांदा, मुलगी आणि माणूस

‘कांदा गडगडला’ ही बातमी वाचून आजवर कुणी टेबलाखाली घरंगळलेला कांदा शोधायला वाकलेलं नाही. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर भरभरून कांदे आले, भाव कोसळला आणि पेपरात गडगडला तो मात्र एकटा कांदा. त्यातलेच दोन किलो घरी आले की लगेच त्यांचं अनेकवचन होतं. ‘चार कांदे चिरून दे’ असं म्हणतात. ‘चार कांदा’ कुणी म्हणत नाही. बाजारात एकवचनी, विळीवर अनेकवचनी. आंब्याचंही तेच. ‘आंबा आला का?’ म्हणजे मोसम सुरू झाला का. ‘आंबे आले का?’ म्हणजे रत्नागिरीहून निघालेली पेटी पोचली का.

पाणिनीने याची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. सबंध जातीबद्दल बोलायचं असेल, तर एकवचनाच्या जागी अनेकवचनही चालेल, अशी मुभा त्याचं एक सूत्र देतं. ‘काशिका’ या टीकेत त्यावर जवाचं आणि भाताचं उदाहरण आहे. जव चांगला आला म्हणा की जव चांगले आले म्हणा, पीक तेच. नेमकी धान्यंच सुचली, त्यावरून वैयाकरणांच्या घरीही संध्याकाळी बाजारभावाची चर्चा होत असावी, असा माझा संशय आहे. या जातीवरून वैयाकरणांत वादही झाला. ‘गाय’ म्हटल्यावर कळतं काय, गाय नावाची जात की समोर उभी असलेली एक गाय? वाजप्यायन म्हणाला जात, व्याडी म्हणाला व्यक्ती. पतंजलीच्या महाभाष्यात दोघांच्या बाजू आल्या आहेत. मीमांसक जातीच्या बाजूने गेले. नैयायिकांनी व्यक्ती, आकृती आणि जाती अशी तिन्ही मान्य करून मांडवली केली. गाय बिचारी रवंथ करत राहिली.

इंग्रजीत नामापुढे ‘अ’ किंवा ‘द’ असा चोपदार बहुधा उभा असतो. आपलं नाम मोकळंच हिंडतं आणि अर्थाचं काम बाकीच्या वाक्यावर टाकतं. ‘मांजर दूध पितं’ हा प्राणिशास्त्राचा धडा झाला. ‘मांजर दूध पितंय’ म्हटलं की स्वयंपाकघराकडे धावायचं. सगळी मांजरजात आणि ओट्यावर चढलेलं आपलं मांजर यांच्यात अंतर काय ते एवढंच.

जातीच्या वतीने कुणी बोलायचं, हेही भाषेने परस्पर ठरवून टाकलंय. मुंगी आणि माशी स्त्रीलिंगी, डास आणि ढेकूण पुल्लिंगी. मुंगीच्या बाबतीत नेम बरोबर लागला, कारण राबणाऱ्या मुंग्या खरोखरच सगळ्या माद्या असतात. डासाच्या बाबतीत मात्र अन्याय झालाय. चावतात त्या फक्त माद्या आणि ‘मेला डास’ म्हणून शिव्या खातो तो नर.

पण मोकळ्या नामाची खरी करामत बघायची तर लग्नाच्या बाजारात. ‘तो मुलगी बघायला गेलाय’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला कांदेपोह्यांचा वास येतो. कोणती मुलगी, हा प्रश्न त्या वाक्यात नसतोच. मुलगी बघणं हा एक कार्यक्रम असतो, भाजी आणण्यासारखा. आता यात एक ‘ला’ घाला. ‘तो मुलीला बघायला गेलाय’ म्हटल्याबरोबर ऐकणारा विचारतो, ‘का? काय झालं? कुठल्या हॉस्पिटलात आहे?’ प्रत्यय लागला की ती कुणीतरी विशिष्ट होते, तिला नाव येतं, तब्येत येते. जमलेल्या लग्नांचं श्रेय पत्रिकेला देतात. माझ्या मते ते या ‘ला’ला द्यायला हवं. ‘मुलगी पाहिली’ इथून ‘मुलीला विचारलं का?’ इथपर्यंत यायला आपल्याकडे काही पिढ्या गेल्या.

आणि ‘माणूस’! या शब्दाइतका सोयीचा शब्द मराठीत दुसरा नसेल. ‘मराठी माणूस धंद्यात मागे पडतो’ हे वाक्य मराठी माणूसच बोलतो आणि बोलताना त्यातून स्वतःला अलगद वगळतो. याच्या उलट, ‘माणूस दमून घरी येतो, त्याला कुणी पाणी तरी विचारा’ यातला माणूस म्हणजे बोलणारा स्वतः, दुसरं कुणीही नाही. तिसरा प्रकार सगळ्यात घातक. ‘माणसानं एखादा फोन तरी करावा.’ ‘माणसानं किती बोलावं!’ वरवर पाहिलं तर अवघ्या मानवजातीला उद्देशून केलेला उपदेश. प्रत्यक्षात खोलीत दोनच माणसं असतात आणि त्यातलं एक बोलत असतं.

‘तू फोन केला नाहीस’ म्हटलं तर भांडण होतं. उत्तर देता येतं, तारीख-वार काढता येतात. ‘माणसानं फोन करावा’ याला उत्तर नाही. ‘मला म्हणतेयस का?’ असं विचारलंत तर ‘मी कुठे कुणाचं नाव घेतलं?’ हे तयार असतं. व्याकरणाच्या दृष्टीने तेही खरंच असतं. सासू-सुनांनी, मेव्हण्या-मेव्हण्यांनी, सोसायटीच्या मीटिंगमधल्या काकांनी या एका सवलतीवर पिढ्यान्‌पिढ्या टोमणे मारले. वाजप्यायनाचा जातिपक्ष खरा जिवंत ठेवला तो त्यांनी.

तेव्हा यापुढे घरात कुणी ‘माणसानं’ अशी सुरुवात केली, तर मानवजातीचा विचार करत बसू नका. मुकाट उठा आणि पलंगावर टाकलेला ओला टॉवेल आधी वाळत घाला.